कुवाजिमाचा एक बळी

कुवाजिमा तेत्सुरो ताकामात्सुच्या सेतो पेलिकन्स या बेसबॉल संघात अठ्ठावीस वर्षं होता. त्यातली पहिली सात वर्षं तो पिचर होता. उरलेली एकवीस वर्षंही तो चेंडूच टाकत होता, पण आपल्याच संघाच्या फलंदाजांना ते मारता यावेत म्हणून. आमच्याकडे प्रत्येक संघात अशी पाच-सात माणसं असतात, पगारी आणि कायमची. सामन्याआधी ती जाळीच्या आडून चेंडू टाकतात, फलंदाज ते ठोकून काढतात आणि हात मोकळे करून घेतात. प्रेक्षक आत येऊन बसेपर्यंत त्यांचं काम उरकलेलं असतं. त्यांना सराव-पिचर म्हणतात. त्यांची नावं कोणाला माहीत नसतात, आणि असावीत असं कोणाला वाटतही नाही.

मी ओची. मीही याच संघात कॅचर म्हणून आलो आणि सामन्यापर्यंत कधी पोचलो नाही. पिचर अंग गरम करत असले की त्यांच्यासमोर उकिडवं बसायचं आणि चेंडू झेलायचे, हे माझं काम. आम्हाला सगळे 'भिंत' म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. भिंतीला निदान कोणी शहाणपण शिकवायला येत नाही. या कामात गुडघे लागतात आणि त्याहून जास्त तोंड लागतं. पिचर म्हणजे लहान पोरांची जात, कौतुकावर जगणारी. प्रत्येक चेंडूला 'छान चेंडू!' म्हणून ओरडायचं आणि ग्लव्ह असा धरायचा की खणखणीत आवाज निघाला पाहिजे. मरतुकड्या चेंडूलाही मी असा आवाज काढून दिलेला आहे की टाकणाऱ्याची छाती दोन बोटं फुगावी.

कुवाला आयुष्यात एक गोष्ट हवी होती: एक बळी. खऱ्या फलंदाजाचा, खऱ्या पिचरनं घेतलेला. शंभर नको, एकच. तो हे कधी बोलून दाखवायचा नाही, कारण तो काहीच बोलून दाखवायचा नाही. पण मला माहीत होतं, आणि का हवा होता तेही माहीत होतं.

आम्ही दोघं एकाच वर्षी इथं आलो, एकाच वयाचे. मी शेजारच्या इमाबारीचा, म्हणजे जवळजवळ घरचाच. तो पार उत्तरेच्या टोकाचा, अजिगासावाचा. तिथं समुद्रकाठी दोऱ्यांवर माकूळ वाळत घालतात आणि वर्षातले चार-पाच महिने बर्फात काढतात. वसतिगृहात आम्हाला एक खोली मिळाली. त्याची आई दर महिन्याला सुकवलेल्या माकुळाचं पुडकं पाठवायची आणि त्या वासानं सगळा मजला शिव्या घालायचा.

"कुवा, खिडकी उघड नाहीतर मी तुलाच बाहेर टाकतो."

"थंडी येईल."

"येऊ दे. थंडीला वास तरी नसतो."

तो हसायचा आणि खिडकी उघडायचा. सुरुवातीला तो बोलायचाही. पण त्याची तिकडची बोली आम्हाला अर्धीच कळायची. प्रत्येक वाक्याला कोणीतरी "काय? काय म्हणालास?" विचारायचं, कोणीतरी नक्कल करायचं. मीही करायचो, सगळे करतात म्हणून. हळूहळू त्यानं वाक्यं लहान केली. मग 'हो', 'नाही', 'आभारी आहे' एवढ्यावर भागवायला लागला. माणूस असा एकदा गप्प झाला की लोक त्याला शांत स्वभावाचा म्हणतात आणि विषय संपतो.

चेंडू मात्र त्याच्या हातातून बोलायचा. त्याचा फोर्क मी झेललेला आहे. दोन बोटं फाकवून त्यांच्या बेचक्यात चेंडू धरायचा आणि सरळ टाकतो तसाच टाकायचा. तो येतो भाबड्यासारखा, आणि फलंदाज बॅट फिरवायला लागला की प्लेटपाशी, म्हणजे फलंदाजाच्या पुढ्यात, येऊन खाली बसतो. साकाइदेच्या मैदानावर, जिथं आमचा दुय्यम संघ खेळतो, तिथं पहिल्यांदा तो चेंडू माझ्या ग्लव्हखालून निसटून थेट मांडीत बसला होता. मी दोन मिनिटं बोलू शकलो नाही. कुवा धावत आला आणि माझ्यासमोर वाकून वाकून माफी मागायला लागला. मला वेदनेपेक्षा आनंदच जास्त झाला होता. एवढा चांगला चेंडू मी तोवर पाहिला नव्हता.

मुख्य संघातून त्याला एकदाच बोलावणं आलं, पाचव्या वर्षी, ऑगस्टात. सामना हातचा गेलेला होता, सात धावांनी. अशा वेळी नव्या पिचरला आत ढकलतात. नुकसान व्हायला काही उरलेलं नसतं. पहिल्या फलंदाजाला त्यानं सगळे चेंडू बाहेर टाकले आणि फुकट पहिल्या बेसवर पाठवलं. दुसऱ्याच्या कोपरावर मारला आणि टोपी काढून माफी मागितली. तिसऱ्याला मात्र त्यानं फोर्क टाकला. फलंदाज फसला, चेंडू बॅटच्या तळाला लागला आणि टुणटुण उड्या मारत शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे मधल्या क्षेत्ररक्षकाकडे, गेला. पाळण्यातल्या पोरानं उचलून बेसवर फेकावा असा सोपा चेंडू, तेवढ्यानं बळी मिळाला असता. शॉर्टस्टॉपनं तो उचलला, आणि त्याच्या हातातून निसटला.

मॅनेजर बाहेर आला आणि त्यानं कुवाच्या हातातून चेंडू काढून घेतला. संपलं. शॉर्टस्टॉपनं दुसऱ्या दिवशी मिठाईचा डबा पाठवला, वर चिठ्ठी: माझी चूक, क्षमस्व. आमच्याकडे चूक झाली की मिठाई येते. कुवानं तो डबा अख्ख्या मजल्याला वाटला आणि स्वतः एक तुकडाही खाल्ला नाही.

पिचरची सरासरी काढताना त्यानं किती बळी घेतले त्यानं भागावं लागतं. कुवाचे बळी शून्य. शून्यानं भागता येत नाही, म्हणून संघाच्या वार्षिक पुस्तकात त्याच्या नावापुढे आडवी रेघ असते. पोरांना ते कळलं तेव्हा त्यांनी त्याचं नाव 'अनंत' ठेवलं. "अनंत, मीठ दे रे." "अनंत, आंघोळीला जागा झाली का?" तो मीठ द्यायचा. पण मी त्याच्यासोबत एका खोलीत राहत होतो. तो ते पान उघडून बघत बसायचा, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग नसायचा, हे जास्त वाईट होतं. एखाद्याच्या दारात आपण उभे आहोत, आतून बोलण्याचे आवाज येताहेत आणि कोणी दार उघडत नाही, तसा तो बसायचा.

पुढं दोन वर्षं खांदा दुखत राहिला. मग ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फोन आला: उद्या सूट घालून कार्यालयात या. आमच्या जगात या वाक्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. सूट घालून कोणाला बढती मिळाल्याचं ऐकिवात नाही.

तो परत आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"उद्यापासून पिचर नाही."

"मग?"

"सराव-पिचर हो म्हणाले. तुझा सरळ चेंडू मारायला फार सोयीचा आहे म्हणाले."

"आणि तू काय म्हणालास?"

"आभारी आहे म्हणालो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी तरी काय वेगळं केलं होतं? माझा सूट दोन वर्षं आधीच बाहेर निघाला होता, आणि मीही आभारच मानले होते.

लोकांना वाटतं हे काम सोपं आहे. मारण्यासारखा चेंडू टाकायचा, त्यात काय मोठंसं! आयुष्यभर जो फलंदाजाला चुकवायला शिकला, त्यानं आता चुकूनही चुकवायचं नाही. चेंडू रोज त्याच वेगानं, त्याच उंचीवर, त्याच तालात आला पाहिजे. फलंदाजाची बॅट हवेत फिरली तर दोष याचा. आणि फलंदाज ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त पाय मागं घेतात, आकाशाकडे बघतात, एक श्वास सोडतात. त्या श्वासानं पहिल्या वर्षी कुवाचा हात आखडला. चेंडू बोटांतून सुटेना. कधी जाळीत, कधी फलंदाजाच्या डोक्यावरून. या दुखण्यानं किती सराव-पिचर घरी गेले ते मी बघितलं आहे. तो वाचला एका युक्तीनं. त्यानं माणसांकडे बघणं सोडून दिलं. फलंदाजाच्या पट्ट्याचं बक्कल तेवढं बघायचा. चेहरा बघितला नाही की श्वास ऐकू येत नाही म्हणायचा.

एकवीस वर्षं त्यानं बकलं बघून काढली.

दिवसभर तो माणसांसमोर उभा असायचा आणि मध्ये जाळी असायची. फलंदाज सरावानंतर आपल्या खोलीत जायचे, पिचर त्यांच्या. सराव-पिचर ना इकडचे ना तिकडचे. बसमध्ये आम्ही कामवाले मागं बसायचो. मी सगळ्यांशी बडबडायचो, कारण बडबड हाच माझा धंदा. कुवा खिडकीशी बसून डाव्या हातानं उजव्या हाताची दोन बोटं फाकवत राहायचा, फोर्कसाठी. सरावात फोर्क टाकणं म्हणजे पाहुण्याच्या चहात मीठ घालणं. तो टाकायची वेळ कधीच येणार नव्हती, तरी त्यानं बोटं मिटू दिली नाहीत. एकदा मी म्हणालो, "अरे सोड आता. कोणासाठी करतोस?" त्यानं बोटं खिशात घातली. त्यानंतर तो खिशातल्या खिशात करायला लागला.

सकाळी तो स्टेशनमागच्या उदोनच्या दुकानात जायचा. दुकानदारीण बाई त्याचा वाडगा आधीच भरून ठेवायची, जाड शेवया, वर आलं जास्त. ती म्हणायची, "गार आहे नाही आज?" तो म्हणायचा, "गार आहे." पुष्कळ दिवशी एवढंच बोलणं व्हायचं त्याचं सगळ्या दिवसात. मला ते त्याच बाईनं सांगितलं. ती म्हणाली, "तुमचा तो मित्र उन्हाळ्यातही 'गार आहे' म्हणतो हो. मी सवयीनं विचारते आणि तो सवयीनं हो म्हणतो."

लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मध्यस्थ बाईंनी होडीच्या कंपनीतल्या एका कारकुनाची मुलगी सुचवली. भेट ठरली, मी सोबत गेलो. मुलगी चांगली होती, हसरी. बापानं विचारलं, "बेसबॉल खेळता म्हणे. कोणाकोणाला बाद केलंत?"

कुवा म्हणाला, "कोणालाच नाही."

"म्हणजे?"

"मी आमच्याच लोकांना मारू देतो."

बापानं चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे रोज हरण्याचा पगार मिळतो?"

मी हसलो. कुवा हसला नाही, तो म्हणाला, "हो, तसंच." चार दिवसांनी मध्यस्थ बाईंचा निरोप आला: मंडळींना वाटतं की कुवाजिमा-सान फार मोठे आहेत, आमची मुलगी त्यांना शोभणार नाही. आमच्याकडे 'नको' असं कोणी म्हणत नाही. समोरच्याला इतकं उंच चढवून ठेवतात की त्याला आपणहून खाली उतरून घरी जावं लागतं. कुवानं निरोप ऐकला आणि मला म्हणाला, "ओची, एखाद्यानं सरळ 'नको' म्हटलं तर कसं वाटत असेल रे?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्याच सुमारास हागिवारा संघात आला. आज तो आमचा कर्णधार आहे आणि देशात त्याचं नाव आहे. तेव्हा खालच्या कोपऱ्यातला चेंडू त्याला लागायचा नाही. कुवानं रोज सकाळी त्याला त्याच कोपऱ्यात चेंडू टाकले, वर्ष-दीड वर्ष. हागिवारा बॅटच्या टोकानं जागा दाखवायचा, "कुवा-सान, इथं," आणि चेंडू तिथं यायचा. पुढं त्यानं दुसऱ्या कोणाचे चेंडू घेणंच सोडलं. बक्षीस मिळालं की भाषणात म्हणायचा, "हे कुवा-सानमुळे." लोक टाळ्या वाजवायचे. कुवा त्या वेळी मैदानावर चेंडू गोळा करत असायचा. पण हागिवारा मनापासून बोलायचा, हे मी शपथेवर सांगतो. असा सरळ माणूस या धंद्यात विरळा.

सेहेचाळिसाव्या वर्षी कुवाचा खांदा कायमचा गेला. हात खांद्याच्या वर न्यायला दुसऱ्या हाताचा टेकू लागायचा. हंगाम संपल्यावर जातो म्हणून त्यानं कार्यालयाला कळवलं. सूट त्यानं आपणहूनच घातला होता.

आता इथं आमची एक रीत सांगायला हवी. मोठा पिचर निवृत्त होतो तेव्हा त्याला हंगामातल्या शेवटच्या सामन्यात एका फलंदाजापुरता चेंडू देतात. आणि समोरचा फलंदाज, मग तो शत्रू का असेना, तीन वेळा हवेत बॅट फिरवतो आणि बाद होऊन जातो. सगळ्यांना माहीत असतं. कोणी बोलत नाही. पिचर रडतो, फलंदाज टोपी काढतो, फुलं येतात, आणि तो बळी हिशेबात खरा धरतात. फार सुंदर रीत आहे, मीही कित्येकदा रडलो आहे. पण ती मोठ्यांसाठी. सराव-पिचरला जाताना एक टॉवेल मिळतो, आणि मन लावून काम केलं असेल तर दोन.

हागिवाराला ते खटकलं. नोव्हेंबरात शरद-सरावाचा शेवटचा दिवस होता. काम उरकलं, कुवा आपली टोपली उचलायला वाकला, तेवढ्यात हागिवारा ओरडला, "कुवा-सान, थांबा! अजून एक फलंदाज आहे."

आणि पोरं धावत मैदानात आली. चौघांनी मिळून त्याच्यापुढची जाळी उचलली आणि बाजूला नेली. सराव-पिचर खऱ्या मातीच्या उंचवट्यावरून टाकत नाहीत, थोडं पुढं सपाटीवर उभे राहतात. त्याला हाताला धरून उंचवट्यावर नेला. एक प्रशिक्षक मुखवटा चढवून पंच झाला. सगळा संघ कडेनं रांगेत उभा, मागं कोणीतरी फुलांचा गुच्छ लपवलेला. कुवाला काही सुधरेना. जाळीशिवाय तो उघड्यावर आलेल्या माणसासारखा दिसत होता. मी प्लेटमागं बसलो.

"कुवा-सान," हागिवारा म्हणाला, "आज माझ्यासाठी नाही. स्वतःसाठी टाका."

कुवानं मान वर केली. एकवीस वर्षांनी त्यानं फलंदाजाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आणि मी माझ्या मित्राला ओळखतो. त्या क्षणी त्याला वाटलं की हे खरं आहे. एकदा, कोणीतरी, खऱ्यानं समोर उभं राहणार आहे.

पहिला चेंडू त्यानं सरळ टाकला, दुखऱ्या खांद्यातून जेवढा निघेल तेवढ्या जोरात. हागिवाराची बॅट चेंडूच्या वीतभर वरून गेली. पोरांनी आरोळी ठोकली. दुसरा चेंडू, तसाच सरळ. हागिवारानं पुन्हा वारा घातला. मी जवळून बघत होतो, त्याची कंबर वळलीच नव्हती. कंबर न वळता बॅट फिरवणं म्हणजे न जेवता ढेकर देणं. आणि हागिवाराची कंबर कुवाहून जास्त कोणी बघितली असेल? इतकी वर्षं त्याच कमरेच्या पट्ट्याकडे तर तो बघत होता.

कुवाचा चेहरा विझला. पोरं टाळ्या वाजवत होती, काही जण रडायलाही लागले होते, आणि तो उंचवट्यावर एकटा उभा होता. त्याला कळलं की त्याला बळी मिळणार आहे. मिठाईच्या डब्यासारखा.

हागिवारानंही ते पाहिलं. तो बॅट झटकायच्या निमित्तानं माझ्याकडे वळला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "ओची-सान, गाढवपणा झाला माझा. त्यांना हे नको होतं."

"नको होतंच," मी म्हणालो.

"आता मारतो. जीव खाऊन मारतो."

त्यानं मागचा पाय मातीत रोवला. सामन्यात रोवतो तसा. पंच झालेल्या प्रशिक्षकाला यातलं काही ऐकू गेलं नाही, तो मुखवट्याआड नाक ओढत होता.

कुवानं ग्लव्हमध्ये हात घातला आणि तो ग्लव्ह मला थोडा रुंद झालेला दिसला. बोटं फाकली होती. मी खूण केली नव्हती, त्यानं विचारलंही नव्हतं. चेंडू आला, तसाच भाबड्यासारखा, मधोमध. हागिवाराची कंबर वळली, खांदे वळले, बॅट चाबकासारखी आली, आणि चेंडू खाली बसला. हागिवारा इतका जोरात फिरला की त्याचा गुडघा मातीला टेकला. मी चेंडू धुळीतून खरडून काढला. हागिवारा तसाच गुडघ्यावर बसून म्हणाला, "हे काय होतं?" कान लालबुंद झाले होते त्याचे.

तो बळी होता. सोळा आणे, खणखणीत, देशातल्या पहिल्या पाचातल्या फलंदाजाचा. पण बाकी सगळ्यांनी काय पाहिलं? कर्णधार तीनदा हवेत बॅट फिरवून बाद झाला आणि शेवटी तर बिचारा गुडघ्यावर बसला, कुवा-सानसाठी! गलका झाला, फुलं आली, कुवाला खांद्यावर घेतलं. हागिवारा गर्दीतून वाट काढत त्याच्यापाशी पोचला आणि ओरडून म्हणाला, "कुवा-सान, तिसरा खरा होता! मी खरंच मारायला गेलो होतो!"

आजूबाजूची पोरं कौतुकानं हसली. "वा, कर्णधार!" कोणीतरी म्हणालं.

कुवा खांद्यांवरून खाली उतरला आणि त्यानं हागिवाराला कमरेतून वाकून नमस्कार केला. "आभारी आहे," तो म्हणाला. "फार आभारी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उदोनच्या दुकानात त्याला गाठला. त्याची गाडी दुपारची होती. मी बसलो न बसलो तोच त्यानं विचारलं, "ओची, तू तिथं होतास. सांग."

"खरा होता."

"पहिले दोन?"

"पहिले दोन नाटक. तुला माहीत आहे. तिसऱ्याच्या आधी तो मला म्हणाला की आता मारतो. आणि त्याला लागला नाही. माझ्या आईशपथ सांगतो, कुवा, असा फोर्क मी साकाइदेनंतर पाहिला नाही."

त्यानं काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत होता, चेहऱ्याकडे. मला वाटलं, पटलं.

"ओची," तो हळू म्हणाला, "पहिल्या दोन चेंडूंनाही तू 'छान चेंडू' म्हणून ओरडलास."

ओरडलो होतो. मला आठवतही नव्हतं. इतक्या वर्षांची तोंडाची सवय, चेंडू ग्लव्हमध्ये आला की शब्द आपोआप बाहेर पडतात. मी काहीतरी बोलायला गेलो आणि जे जे सुचत होतं ते सगळं कौतुकच होतं. जन्मभर मी तेवढंच तर शिकलो होतो. बाई वाडगे उचलायला आली आणि म्हणाली, "गार आहे नाही आज?" कुवा म्हणाला, "गार आहे." त्या दिवशी खरंच गार होतं.

तो अजिगासावाला गेला. आई थकली होती, त्यानं मेव्हण्याबरोबर, बहिणीच्या नवऱ्याबरोबर, माकूळ वाळवायचं काम सुरू केलं. जानेवारीत हागिवाराची मोठी मुलाखत वर्तमानपत्रात आली. त्यात त्यानं सांगितलं की मला आजवर टाकलेला सगळ्यात अवघड चेंडू आमच्या सराव-पिचरनं, कुवाजिमा-सान यांनी, त्यांच्या शेवटच्या दिवशी टाकला आणि मी त्यावर खरोखर बाद झालो. झालं. सगळीकडे त्याचीच वाहवा. काय विनय, काय मोठं मन! माझी बायकोसुद्धा पेपर खाली ठेवून डोळे पुसत म्हणाली, "बघा, एवढा मोठा माणूस, पण गरिबाला कसं मोठं करतो." माझ्या हातात सूपचा वाडगा होता. तो भिंतीवर फेकावासा वाटला.

मी उठलो आणि कुवाला फोन लावला. तिकडं वारा घोंघावत होता.

"पेपर वाचलास?"

"वाचला. मेव्हण्यानं दुकानात लावलाय." तो म्हणाला. "हागिवारा-सान फार भला माणूस आहे."

"अरे गाढवा, भला नाहीये तो! चुकला तो! मारायला गेला आणि चुकला! तू बाद केलंस त्याला, तू!"

मी इतका ओरडलो की बायको दारात येऊन उभी राहिली. मग तो हसला, वसतिगृहात खिडकी उघडताना हसायचा तसा, मऊ.

"तूही भला आहेस, ओची," तो म्हणाला, आणि त्यानं फोन ठेवला.